डावा सुळा

दवाखाना एकच, पण पाट्या दोन. दाराच्या उजव्या अंगाला थोरलीची पाटी, पितळेची, पुसून पुसून अक्षरं झिजलेली. डाव्या अंगाला धाकटीची, काचेची, आतून दिवा लागणारी. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी वेड्यावाकड्या दातांना तारा लावून ते सरळ करणाऱ्या डॉक्टर, आणि दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. मधल्या टेबलापाशी त्यांचे वडील, अप्पा, बसलेले असत. दवाखाना मुळात त्यांचा. कंबर गेल्यापासून त्यांना पेशंटच्या तोंडावर वाकता येत नव्हतं, पण नजर तेज होती आणि हात स्थिर होता. आत आलेल्या माणसाला ते चष्म्यावरून बघून विचारत, "थोरली की धाकटी?" नवख्याला वाटायचं, आपल्याला दाताची साइज विचारताहेत.

दोन खोल्यांच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती, आणि ती छतापर्यंत पोचत नव्हती. भांडणासाठी याहून सोयीची भिंत कुणी बांधू शकणार नाही. एकमेकींचं तोंड बघायचं नाही, पण शब्द मात्र सगळा ऐकू जायचा. थोरलीला बहिणीला काही सुनवायचं असलं, की ती ते आपल्या खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटला सांगायची. बिचारा पेशंट उत्तर तरी काय देणार?

"धीर धरा हं," ती मोठ्यानं म्हणायची. "दात म्हणजे काय रेल्वेचा डबा नव्हे, इंजिन बदललं की पळायला. काही लोक बॅटरी लावून पळवायला निघालेत, ते वेगळं."

बॅटरी म्हणजे धाकटीचं लेझर. लेझर म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी कापणार, जाळणार. हे तसं नव्हतं. चाकांच्या छोट्या पेटीतून निघालेली एक वायर आणि तिच्या टोकाला जाडसर पेनासारखी कांडी. ती दाताच्या मुळाजवळ हिरडीला टेकवायची, थोडा वेळ धरायची, बस. त्यातून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसतही नाही आणि हिरडीला गरमही लागत नाही. धाकटी सगळ्यांना समजावून सांगायची, की या सौम्य प्रकाशानं दाताभोवतीचं हाड जागं होतं, तारेची ओढ लागली की दात लवकर सरकतो, आणि दुखतंही कमी. वर प्रामाणिकपणे जोडायचीही, "सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही. काही तपासण्यांत दिसला, काहींत नाही दिसला." पण हे शेवटचं वाक्य भिंतीपलीकडे पोचेपर्यंत थोरलीच्या कानांची दारं लागलेली असायची. तिला फक्त बढाई ऐकू यायची.

आणि पेशंट जात होते. नवे तर जातच होते, पण अर्धी तार बसलेले, थोरलीच्या हाताखालचे, तेही. एक शाळामास्तरीण तिच्याच खुर्चीत पडल्या पडल्या म्हणाली, "डॉक्टर, मला ते लाइटवालं नाही का करता येणार?" थोरलीनं हसून "बघू" म्हटलं आणि आतल्या आत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला लहानपणी शाळेत सोडायला आपण गेलो, जिचा पहिला दात आपण दोरा बांधून काढला, ती आज आपल्याला म्हातारीत काढते! ही गोष्ट तिला गिळवत नव्हती. खरं तर तिला धाकटी आवडेनाशी झाली होती आणि हे ती स्वतःपाशी कबूलही करायची. लेझर नसतं, तर दुसरं काहीतरी कारण मिळालं असतं.

थोरलीला एकच मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. भिंगरीचे वरचे दोन्ही सुळे रांग सोडून वर चढले होते, आणि त्यामुळे पोरगी हसताना तोंडावर हात धरायची. दातांच्या डॉक्टरच्या घरी ही अवस्था! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. थोरलीनं तिला लहानपणापासून तार लावू म्हटलं होतं आणि पोरीनं दर वेळी घर डोक्यावर घेतलं होतं. आता मात्र ती आपणहून आली. पुढल्या वर्षी तिला दूरच्या शहरात शिकायला जायचं होतं. तिथे पहिल्या दिवसापासून हात न लावता हसायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

"जायच्या आत तार निघायला हवी, आई. नाहीतर मी लावतच नाही."

रविवारी सगळे अप्पांकडे जेवायला जमले होते. धाकटीनं हे ऐकलं आणि ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "इतक्या लवकर हवं असेल तर माझ्याकडे दे तिला."

"माझी मुलगी? तुझ्याकडे?" थोरलीचा घास हातातच राहिला. "कशाला? प्रयोग करायला उंदीर संपले का तुझ्याकडचे?"

"ताई, तुझी पद्धत चांगलीच आहे. फक्त तोवर पोरीचं शिक्षण संपेल."

अप्पा "जेवताना नको" म्हणाले. भिंगरीचे बाबा पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं उठून आत गेले. या दोघी सुरू झाल्या की त्यांना नेहमीच तहान लागायची. आणि भिंगरी, तोंडात घास असताना, या कटकटीला वैतागून म्हणाली, "असं करा ना. एक बाजू आईची, एक बाजू मावशीची. बघू कोण जिंकतं."

पोरगी चेष्टेत बोलली. कुठल्याही दुसऱ्या घरात लोक हसले असते आणि विषय संपला असता. पण या दोघींच्या धंद्यात ही चेष्टा नव्हती. दातांची नवी पद्धत अशीच पारखतात: एकाच तोंडात एका बाजूला ती वापरायची, दुसऱ्या बाजूला नाही, आणि मग मोजायचं. माणूस तोच, हाडं तीच, खाणंपिणं तेच. फरक दिसला तर तो त्या पद्धतीचा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे पोरीच्या तोंडाचं रणांगण करणं.

ठरलं ते असं. सुळ्यांमागचा एकेक दात दोन्ही बाजूंनी काढून जागा करायची. तार आणि स्प्रिंग थोरलीनं लावायच्या. सुळा मागे ओढायचं काम स्प्रिंगचं, आणि ओढ दोन्हीकडे अगदी सारखी ठेवायची. धाकटीनं एका बाजूला लेझर द्यायचं. दुसऱ्या बाजूला तीच कांडी, तितकाच वेळ, पण प्रकाश बंद. भिंगरीच्या डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणजे तिलाही कळायचं नाही. आणि दर भेटीत दातांचा प्लास्टरचा साचा करून अप्पांनी मोजायचं, कुठला सुळा किती सरकला. कारण अप्पांवर दोघींचा विश्वास होता, आणि त्यांना सोडून दुसऱ्या कुणावर नव्हता.

"लेझर कुठल्या बाजूला, ते अप्पा नाणं उडवून ठरवतील," धाकटी म्हणाली. "ते मला सांगतील. तुला नाही, ताई."

"का? मी काय परकी आहे?"

"ओढ तुझ्या हातात आहे. तुला बाजू कळली, तर तुझा हात आपोआप हलेल."

"म्हणजे मी लबाडी करीन?"

"मी असं कुठे म्हटलं? कुणाचाही हात हलतो. म्हणून तर लपवतात."

बरोबर होतं ते, आणि थोरलीला ते बरोबर आहे हे माहीत होतं. म्हणूनच ते तिला इतकं झोंबलं. नाही म्हणावं तर भ्यायली असं दिसलं असतं. ती "उडवा नाणं" म्हणाली. अप्पा आणि धाकटी मागच्या खोलीत गेले, आणि नाणं फरशीवर पडल्याचा आवाज थोरलीनं स्वयंपाकघरातून ऐकला.

तिला पहिले काही आठवडे खरंच काही लबाडी करायची नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं दोन्ही स्प्रिंग लावल्या, ओढ मोजायच्या काट्यानं दोन्हीकडची ओढ दोनदा तपासली आणि समाधानानं हात धुतले. पण मग भिंगरी भिंतीपलीकडे जाऊन बसायची, आणि थोरली इकडे कान देऊन उभी राहायची. कांडी उचलल्याचा आवाज. घड्याळाची टिकटिक. मग "आता दुसरी बाजू", पुन्हा तेवढीच टिकटिक. काही म्हणजे काही कळत नव्हतं. जे आपल्या पोरीच्या तोंडात चाललंय ते अप्पांना माहीत, धाकटीला माहीत, आणि आईला मात्र माहीत नाही! या विचारानं तिला स्वस्थ बसवेना.

शेवटी तिनं पोरीलाच विचारलं, पण आडून. घरी भाजी चिरता चिरता.

"दुखतंय का गं तार लावल्यापासून?"

"उजवीकडे दुखतं. चावताना तर जास्तच."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे काहीच नाही. जणू तार लावलीच नाहीये."

थोरलीची सुरी थांबली. ज्या बाजूला दात जास्त सरकतो, त्या बाजूला जास्त दुखतं, हे तिला हजार तोंडांनी शिकवलं होतं. म्हणजे उजवीकडे काहीतरी जास्तीचं चाललंय. म्हणजे लेझर उजवीकडे. लेझरनं दुखणं कमी होतं असं धाकटी ओरडून सांगायची खरी, पण ती तर जाहिरात! प्रत्येक विकणारा असंच म्हणतो. थोरलीनं धाकटीचं ते एक बोलणं निकालात काढलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पुढची भाजी चिरायला घेतली.

पुढच्या भेटीत तिनं डावीकडची स्प्रिंग जराशी जास्त ताणली. अगदी जराशी. धाकटी उजवीकडे काय काय करत असेल कोण जाणे, आपण फक्त तराजू सरळ करतोय, असं ती स्वतःला म्हणाली. स्वतःशी खोटं बोलणाऱ्या माणसाला पुरावा लागत नाही, बहाणा पुरतो.

"आता दुखतंय?" दोन दिवसांनी तिनं विचारलं.

"उजवीकडे थोडं. डावीकडे नाही."

मग तिनं आणखी ताणली. त्यापुढच्या भेटीत आणखी. नियम तिला पाठ होता; शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टरांना ती तोच नियम दटावून सांगायची, "जास्त ओढलं की दात सरकलेला दिसतो, मूळ झिजलेलं दिसत नाही." पण त्याचबरोबर तिचा असाही पक्का समज होता, की ओढ फार झाली की पेशंट कळवळतो. त्याला जेवण जात नाही, तो फोन करतो, आई-बापांना घेऊन येतो. दुखणं हा तिचा पहारेकरी होता. पहारेकरी ओरडत नाही, म्हणजे घरात चोर नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीच्या तोंडाशी वाकून ती दर वेळी विचारायची, "दुखत नाही ना?" आणि पोरगी तोंड उघडं ठेवून मान हलवायची, नाही.

अप्पांनी साचे मोजले. भिंग लावून, दोनदा.

"डावा पुढे आहे," ते म्हणाले.

थोरलीचा चेहरा खुलला. बिनलेझरचा डावा पुढे! पण तिनं धाकटीकडे पाहिलं तर तिचाही चेहरा खुललेला. थोरलीला वाटलं, काय बाई सोंग आणते ही, हरली तरी दात दाखवतेय. दुसऱ्या वेळी अप्पा म्हणाले, "डावा बराच पुढे," आणि दोघी पुन्हा खूश. अप्पा एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. त्यांनी जन्मभर या दोघींची भांडणं सोडवली होती. दोघी एकाच निकालावर खूश झाल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण घरात शांतता आहे, तर कशाला काडी टाका, असं त्यांना वाटलं असावं.

शांतता तर अशी, की विचारू नका. धाकटीनं एक दिवस दोघींसाठी चहा मागवला. भिंत मध्ये न ठेवता, अप्पांच्या टेबलाशी दोघी समोरासमोर बसल्या.

"ताई, दमतेस गं तू फार," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "आता थोडं कमी कर काम."

"मी करीन हो कमी," थोरली त्याहून गोड आवाजात म्हणाली. "पण तू कुठलं नवीन यंत्र आणायच्या आधी एकदा मला विचारत जा. उगाच फसगत नको तुझी."

दोघींनी एकमेकींची कीव करत चहा संपवला. मध्ये बशीत बिस्किटं होती, त्यांना कुणी हात लावला नाही.

आणि एका सकाळी, लेझरच्या वेळी, भिंगरी काळ्या चष्म्याखालून म्हणाली, "मावशी, हा डावा सुळा बघ, जिभेनं ढकलला तरी हलतो."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मग एक्स-रेच्या मशीनचा आवाज आला. मग धाकटीची हाक, "ताई, जरा इकडे ये." त्या हाकेत ना टोमणा होता ना गोडी. थोरली हातातलं काम तसंच टाकून गेली.

पडद्यावर दोन्ही सुळे होते. उजव्याचं मूळ लांब, निमुळतं, जसं असायला हवं तसं. डाव्याचं मूळ तोकडं, टोक मोडलेल्या पेन्सिलीसारखं.

थोरलीनं पडद्यावर त्या टोकाशी बोट नेलं. तिला क्षणात कळलं, आणि कळलं म्हणूनच ती ओरडली. "काय केलंस तू माझ्या पोरीला?"

"मी..."

"सगळी मिजास त्या पेटीची! ठरलेली बाजू सोडून भलतीकडेच लावलंस ना लेझर? सांग आता अप्पांसमोर. कुठल्या बाजूला?"

अप्पा टेबलाला धरत धरत दारात आले होते. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं. "डावीकडे," ती म्हणाली.

"डावीकडे," अप्पाही म्हणाले. "छापा पडला होता."

थोरलीला आधी शब्दांचा अर्थच लागेना. डावीकडे? मग उजवीकडे दुखत होतं ते काय? धाकटी खुर्चीच्या कडेला टेकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती बहिणीशी नव्हे, पडद्याशी बोलत होती. "ओढ तर दोन्हीकडे सारखीच होती. दात तेच, हाड तेच. फरक एकच, लेझरचा. म्हणजे मीच केलं हे. ताई, मीच केलं."

यापुढे जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. थोरलीला सुटल्यासारखं वाटलं. बहीण आपल्या पायांनी चालत खड्ड्यात उतरली होती; थोरलीनं फक्त गप्प बसायचं होतं. ती गप्पही बसली नाही. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते," ती म्हणाली. "पण आमचं ऐकतंय कोण! आम्ही जुन्या, आम्ही म्हाताऱ्या." बोलताना तिचा आवाज चढला, आणि तिला आतून जिंकल्याचा आनंद झाला. स्वतःच्या मुलीच्या झिजलेल्या मुळासमोर उभं राहून तिला आनंद झाला. तो क्षणभरच टिकला, पण झाला.

खुर्चीत भिंगरीनं चष्मा काढला. "मावशी, पण मग मला इथे कधी दुखलं का नाही? उजवीकडे दुखायचं. इथे कधीच नाही."

धाकटीनं डोळे पुसले. "लेझरनं दुखणं दबतं गं, राणी. म्हणून. तेवढं तरी ते नक्की करतं."

थोरली ज्या पहारेकऱ्यावर विसंबून होती, तो मुळात झोपवलेला होता. धाकटीनं हे आधीच सांगितलं होतं, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, भिंतीवरून ऐकू येईल असं. थोरलीनं दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर मानलंही असतं. ते धाकटीच्या तोंडून आलं, म्हणून खोटं.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती थोरलीला एकदम आठवली. डावी स्प्रिंग अजून तोंडातच होती, तिनं ताणली तशीच.

"बाजूला हो," ती बहिणीला म्हणाली. "आधी ती स्प्रिंग काढते मी."

तिनं पक्कड उचलली आणि खुर्चीकडे वळली. भिंगरीनं तोंडावर हात धरला. हसताना धरायची तसा, पण घट्ट.

"मावशी काढेल."

"अगं, तार मी लावलीय. माझी आहे ती."

"तोंड माझं आहे," भिंगरी हाताआडून म्हणाली. "मावशी काढेल."

तिला काही कळलं होतं का, की आईच्या आवाजातली घाई तिला फक्त खटकली, हे सांगता येत नाही. थोरली पक्कड धरून उभी राहिली. अप्पांनी हात पुढे केला आणि ती त्यांना द्यावी लागली.

धाकटी शिस्तीची डॉक्टर. काही काढायच्या आधी मोजायचं, ही सवय तिला अप्पांनी लावली होती, आणि थोरलीलाही त्यांनीच. तिनं ओढ मोजायचा काटा डाव्या स्प्रिंगला लावला. वाचला. पुसला, पुन्हा लावला. मग उजवीकडे लावला. मग काही न बोलता काटा अप्पांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांना आकडे सांगितले, हळू आवाजात. डावा उजव्याच्या दुपटीहून जास्त.

"ताई," ती म्हणाली, "तुला वाटलं लेझर उजवीकडे आहे."

थोरलीनं पडद्याकडे पाठ केली.

"मग डावीकडे तू हे केलंस. दर वेळी केलंस."

"म्हणजे काय?" भिंगरी उठून बसली. "काय केलं?"

धाकटीनं तिच्याकडे वळून, एकेक शब्द मोजून सांगितलं. "तुझ्या आईला मला हरवायचं होतं. त्यासाठी तिनं तुझा दात ओढला."

ती हे थोरलीला दाराबाहेर नेऊन बोलू शकली असती. बोलली नाही. तिलाही वार करायचा होता आणि तो तिनं पोरीच्या देखत केला. थोरलीला तो बरोबर लागला, आणि जखमी जनावर चावतं तशी ती उसळली. "तू तिला दुखू दिलं असतंस, तर मला कळलं असतं! तुझ्या त्या बॅटरीनं मला आंधळं केलं!"

"दोघी गप्प बसा!" अप्पांचा आवाज दवाखान्यात इतका मोठा कधीच निघाला नव्हता. बाहेर बसलेला एक पेशंट उठून उभा राहिला. "लाज नाही? पोरीचं तोंड ते, तुमचं अंगण नव्हे. आणि नाणं उडवणारा मी, मी सगळ्यात मोठा मूर्ख." त्यांनी बाहेर जाऊन त्या पेशंटला सांगितलं, आज दवाखाना बंद.

मग धाकटीनं स्प्रिंग काढली, आणि भिंगरीला सरळ, काही न लपवता समजावून सांगितलं. ओढ थांबली की मूळ आणखी झिजत नाही. पण झिजलं ते परत वाढत नाही. दाताला बरेच महिने हात लावायचा नाही, नुसता जपायचा. कडक काही चावायचं नाही. मग पुन्हा, अगदी हलक्या ओढीनं. दात बहुतेक टिकेल. बहुतेक. तार मात्र जायच्या आत निघणार नाही.

"म्हणजे मी तिकडे तार घेऊनच जाणार," भिंगरी म्हणाली. तिनं रडायला हवं होतं असं थोरलीला वाटलं. रडली असती तर जवळ तरी घेता आलं असतं. पोरीनं आपली बॅग उचलली आणि आजोबांना विचारलं, "तुम्ही सोडता मला घरी?"

संध्याकाळी थोरली मुलीच्या खोलीच्या दाराशी गेली. डाव्या बाजूला सकाळी लेझर दिलंच नव्हतं, दुखणं दाबायला आता काही उरलं नव्हतं. स्प्रिंग निघाल्यावर तिनं मावशीलाही तोंडाला हात लावू दिला नव्हता. पोरगी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या करता करता थांबली होती, आणि तिचा डावा गाल तळहातावर टेकलेला होता. आईला बघून तिनं हात खाली घेतला.

थोरलीनं रस्ताभर बरंच काही जुळवलं होतं. चुकले, असं म्हणायचं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते रोजचंच.

"दुखतंय का गं?"

भिंगरीनं घडी पूर्ण केली. "काय सांगू? दुखत नाही म्हटलं, की तू ओढतेस. दुखतंय म्हटलं, की मावशीला शिव्या देतेस."

"असं नाही गं. तुला खरंच विचारतेय मी. आई म्हणून."

"तेव्हाही आई म्हणूनच विचारायचीस ना?"

तिनं उठून दार लोटलं. आदळलं नाही, नीट लोटलं, कडी लावली. थोरली तिथेच उभी राहिली. दार पातळ होतं. आतून फोन लावल्याचा आवाज आला, आणि मग पोरीचा आवाज, हळू, रडवेला, दिवसभरात पहिल्यांदा.

"मावशी? हो. दुखतंय. डावीकडे, खूप दुखतंय."